कॉलेजच्या मुलांसाठी पाळकाने काढायचं आठवड्याचं पान: काय लिहावं, किती लिहावं, काय टाळावं

युवासेवक_लातूर

सर्वांना सलाम. मंडळीने कॉलेज आणि क्लासेसच्या मुलांची जबाबदारी दिली आहे. रविवारी बहुतेकांची टेस्ट असते, त्यामुळे उपासनेला येणं होत नाही. म्हणून दर आठवड्याला एक छापील पान काढायचं, तेच व्हॉट्सॲपवरही पाठवायचं असं ठरलंय. सध्या डोक्यात एवढंच आहे की रविवारचा संदेश थोडक्यात लिहून द्यावा आणि खाली एक वचन टाकावं. हे पुरेल का? लांबी किती ठेवावी? परीक्षेच्या दिवसांत काय लिहावं? मुलांच्या साक्षी, म्हणजे त्यांनी सांगितलेले विश्वासाचे अनुभव, छापाव्यात का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

गोदाकाठचा_पाळक

ब्रदर, संदेश थोडक्यात लिहून देणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग आहे. संदेश ऐकायला मंडळी एकत्र बसलेली असते. बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पंचवीस मिनिटं मिळतात. पान एकटा मुलगा मेसच्या रांगेत उभ्याउभ्या वाचतो. संदेशाचे तीन मुद्दे अडीचशे शब्दांत कोंबले की उरतात फक्त मथळे.

आधी वाचक ठरवा. लातुरात तुमच्यासमोर निदान तीन प्रकारची मुलं आहेत: अकरावी-बारावीची, मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारी, पदवीची आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा करणारी पंचविशीतली. तिघांची चिंता वेगळी. एका पानात तिघांना धरू नका. आठवडे वाटून घ्या, नाहीतर एकच गट पक्का करा.

मग कच्च्या कागदाच्या डोक्यावर, छापायची नाही अशी एक ओळ लिहा: हे पान वाचून कोण, काय करील? उदाहरण देतो. ‘अकरावीची, पहिल्यांदाच घराबाहेर राहणारी मुलगी बुधवारी रात्री झोपण्याआधी स्तोत्र १२१ मोठ्याने वाचील आणि त्यातली एक ओळ घरी फोनवर सांगील.’ ही ओळ सुचत नसेल तर त्या आठवड्याचा विषय अजून पिकलेला नाही, दुसरा घ्या. ‘मुलांचा विश्वास दृढ व्हावा’ असली ओळ चालणार नाही. तिच्यावरून पानात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरत नाही.

माप सांगतो. ए-फोर कागदाची एकच बाजू, तेरा पॉइंटचा टाइप, ओळींत जरा मोकळी जागा. त्यात साधारण ३५० ते ४०० शब्द बसतात. त्यातले शंभर-सव्वाशे शब्द शास्त्रपाठाला. पाठ पूर्ण छापा, नुसता संदर्भ देऊ नका. होस्टेलच्या खोलीत पवित्र शास्त्र असेलच असं नाही, आणि असलं तरी कोणी उघडून बघत नाही. पाठ आठ वचनांहून मोठा नको (स्तोत्र १२१ नेमकं आठच वचनांचं आहे, म्हणून सुरुवातीला सोयीचं). तुमचं लिखाण अडीचशे शब्द. शेवटी एकच प्रश्न, आणि या आठवड्यात तुम्ही कुठे, किती वाजता भेटाल ते. भेटीची वेळ नसलेलं पान नुसतं वाचन होतं. मुलं तुमच्याशी बोलायला यावीत म्हणून हे लिहायचंय.

आणि पहिलं पान वाटायच्या आधी चार पानं तयार हवीत. ही कामं सहाव्या-सातव्या आठवड्याला बंद पडतात, कारण त्या आठवड्यात मंडळीत लग्न, अंत्यविधी किंवा कमिटीची बैठक येतेच.

औरंगपुऱ्याची_वाचक

पाळकसाहेबांनी माप सांगितलं, मी पाठांबद्दल बोलते. विद्यार्थ्यांसाठीच्या लिखाणात तीन-चार वचनं सतत येतात आणि जवळजवळ नेहमी अर्धी येतात.

यिर्मया २९:११ घ्या. ‘तुमच्या हिताचे संकल्प’ वगैरे. प्रवेशाच्या आणि निकालाच्या काळात हे हमखास छापलं जातं, जणू देवाने एमबीबीएसची जागा राखून ठेवलीय. मुळात ते बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना धाडलेलं पत्र आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जाणार नव्हते. पाच ते सात ही वचनं वाचा: घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं कल्याण चिंता. गाव सोडून परक्या शहरात दोन-तीन वर्षं काढणाऱ्या मुलाला खरं तर हा भाग द्यायला हवा. खोलीमालक, मेसवाल्या मावशी, रूममेट यांच्याशी कसं वागायचं, हे त्यातून निघतं.

सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो, हे फिलिप्पै ४:१३ पेपरच्या आदल्या रात्री पाठवतात. बारावं वचन बरोबर द्या: भरपूर असणं आणि काही नसणं, दोन्हींत राहायला शिकलो असं पौल म्हणतोय. ते जोडलं की सहाशे गुण मिळवण्याचं सामर्थ्य असा अर्थ काढताच येत नाही.

दानीएल पहिला अध्याय तर कॉलेजसाठीच लिहिलाय असं वाटावं. परकी भाषा, परकं वाङ्मय, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, नावंसुद्धा बदलली. पण लिहिणारा थेट विसाव्या वचनावर उडी मारतो, की ते इतरांच्या दसपट हुशार निघाले, आणि ‘प्रार्थना करा, पहिले या’ असं सांगून मोकळा होतो. त्याऐवजी आठव्या ते चौदाव्या वचनांत थांबा. राजाच्या ताटातलं अन्न नको असलं तरी दानीएल अधिकाऱ्याशी भांडत नाही, दहा दिवसांची मुदत मागतो. वरिष्ठांशी अडचण कशी बोलावी याचा याहून नेटका नमुना सापडणार नाही. (सात वचनं आहेत, मापातही बसतात!)

भाषांतराचं एक. जुन्या मिशनरी धाटणीची लांब वाक्यं स्वतःच्या लिखाणात आणू नका. पाठ त्या भाषेत असू दे, तुमचं मराठी आजचं हवं. एका वाक्यात एक क्रियापद, जास्तीत जास्त दोन.

युवासेवक_लातूर

यिर्मयाचं तर आम्ही बॅनरच केलंय, ते उतरवावं लागणार बहुतेक :) मग ऐन परीक्षेच्या आठवड्यात कोणता पाठ घ्यावा? आणि अडीचशे शब्दांची सुरुवात प्रत्यक्षात कशी दिसते, कोणी दाखवेल का?

गोदाकाठचा_पाळक

१ राजे १९ घ्या, चौथ्या वचनापासून आठव्यापर्यंत. पाच वचनं. कच्चा मजकूर असा:

‘कर्मेल डोंगरावर एलीया जिंकला होता. तरीही ईजबेलीची धमकी आली आणि तो जीव घेऊन पळाला. बैर-शेबापर्यंत नोकर बरोबर होता, त्यालाही तिथेच ठेवलं. एक दिवसाची वाट रानात चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे झालं, माझा जीव घे. मग झोपला. देवदूत आला. त्याने एलीयाला रागे भरलं नाही, कर्मेलाची आठवणही दिली नाही. उठवलं आणि म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याचं भांडं होतं. एलीयाने खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला तेव्हाही पहिलं वाक्य तेच. देव त्याच्याशी बोलला तो होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. आज रात्री जेवलास का? किती वाजता झोपणार आहेस?’

शंभराच्या आतच शब्द झाले. यात उपदेश एकही नाही, प्रसंग पाठातलाच आहे आणि शेवटचे दोन प्रश्न त्याच रात्री उत्तर देता येण्यासारखे आहेत. ‘यावरून आपण काय शिकतो’ हे वाक्य टाळा. ते आलं की मुलगा वाचणं थांबवतो, कारण पुढे काय येणार ते त्याला संडे स्कूलपासून पाठ आहे.

होस्टेल_रेक्टर

नमुना चांगला आहे, पण तो आहे तसा छापू नका. दोन हरकती.

पहिली साधी. ‘जेवलास का’ म्हटलं की निम्मे वाचक बाहेर. मुलीही वाचणार आहेत. मराठीत क्रियापद लगेच लिंग दाखवतं, त्यामुळे पान लिहून झालं की फक्त यासाठी एकदा वाचायचं. ‘आज रात्री जेवण झालं का? झोप किती वाजता?’ असं करा, किंवा सरळ ‘तुम्ही’ वापरा.

दुसरी गंभीर. एलीया मरण मागतोय. परीक्षेच्या काळात हा पाठ वाचणाऱ्यांत तसाच विचार मनात असलेलं कोणीतरी असू शकतं. त्याला ‘जेव आणि झोप’ एवढंच सांगून सोडायचं नाही. पाठ जरूर घ्या, उलट शास्त्रातला एवढा मोठा संदेष्टा असं बोलला हे कळणं आधाराचं असतं. पण त्याच पानावर, खाली बारीक टाइपात नव्हे, मजकुरातच लिहा की असे विचार येत असतील तर आज कोणाला तरी सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक द्या: १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२. आणि ज्या रात्री पान जाईल त्या रात्री तुमचा स्वतःचा फोन सायलेंटवर नको.

आत्महत्येच्या बातमीवर लगेच पान लिहायची घाई करू नका. लिहिलंच तर कशी केली, कुठे केली, चिठ्ठीत काय होतं यातलं काही नको, आणि ‘अपयशामुळे’ असं एकच कारण जोडू नका. ‘पाप’ आणि ‘भ्याडपणा’ हे शब्द तर अजिबात नकोत. जो आत्ता त्या विचारात आहे तो ते वाचून गप्प होतो.

निकालाच्या आठवड्यासाठी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही. ते तसंच संपू द्यावं. लिहिणाऱ्याला शेवटी एखादी उजेडाची ओळ जोडायचा मोह होतो, जोडू नये. अठरा वचनांचं आहे, मापासाठी पहिली सात घ्या आणि शेवटचं एक.

बालाघाटी

सलाम. बीड-धारूरकडची पोरं लातूर-संभाजीनगरला शिकायलेत, त्यांच्यासाठी एक सांगतो. डिसेंबरच्या पानात ‘घरी जा, आईवडिलांसोबत नाताळ साजरा करा’ असं लिहू नका. ज्यांचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेत त्यांच्या घराला दिवाळीच्या आगंमागं कुलूप लागतं, ते उघडतं कारखाना बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलला. नाताळ येतो ऐन हंगामात. पोरगं होस्टेलात, बाप कुठल्यातरी फडात. नाताळाआधी आगमनकाळाचे चार रविवार मिळतात, त्यातलं एक पान सरळ अशा पोरांसाठी करा: पंचवीस तारखेला होस्टेलात कोण कोण राहणार, जेवण कुठं, किती वाजता. लूक दुसऱ्या अध्यायात मरीया-योसेफ नावनिशीसाठी गाव सोडून गेलेत, बाळंतपण परगावात झालंय. ऊसतोडीच्या घरातल्या पोराला हे समजावून सांगायची गरज नाही, नुसता पाठ छापला तरी लई झालं.

अन् रविवारी रात्री बऱ्याच मेस बंद असतात. भेट ठेवायची तर तीच वेळ धरा. पोरं खिचडीला येतात, बसतात, बोलतात.

युवासेवक_लातूर

बालाघाटी, हे फार उपयोगी. आता साक्षींचं सांगा. कमिटीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं आहे की साक्ष नसेल तर पान कोरडं होतं. फोटो आणि नावासह साक्ष छापावी, म्हणजे इतर मुलांना बळ येईल.

कागदपत्र_सल्ला

ज्येष्ठांचा मान राखून सांगतो, नाव-फोटोसह साक्ष छापायची नाही. कारणं एकाहून अधिक आहेत.

वय. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली. कायद्याने ती बालकं आहेत. २०२३ चा वैयक्तिक माहितीबाबतचा कायदाही अठराखालच्याला बालकच धरतो आणि पालकांची संमती मागतो. मुलाने ‘चालतंय सर’ म्हटल्याने काही होत नाही. अठराखालचं कोणी साक्ष सांगताना लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर तो छापायचा मजकूर नाहीच. पॉक्सो, म्हणजे २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही.

जातीचे दाखले. हे आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती व्यक्तीला मिळत नाही. मराठवाड्यात कितीतरी घरांत उपासना एक आणि कागद दुसरा, ही वस्तुस्थिती आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात, ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या महिलेला अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र नाकारलं. आता एखाद्या मुलीची ‘मी प्रभूचा स्वीकार केला’ अशी फोटोसह साक्ष तुम्ही छापली, आणि तिचा अर्ज जात पडताळणी समितीपुढे असेल, तर काय होईल याचा विचार करा. तिने कागद कोणता ठेवावा हा तिचा आणि तिच्या घरचा निर्णय. त्यावर समोरासमोर, सगळे परिणाम सांगून बोलावं. खोटं बोल असंही सांगू नये. पण तो निर्णय आपल्या पानाने परस्पर घेऊन टाकायचा नाही.

नाव बदलून छापणं हाही उपाय नाही. ‘जालन्याची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी’ म्हटलं की मंडळीत सगळ्यांना कळतं. आपल्या मंडळ्या आहेतच केवढ्या!

औरंगपुऱ्याची_वाचक

मग पान कोरडं होऊ नये म्हणून काय करायचं, तर जुन्या मराठी ख्रिस्ती माणसांकडे जा. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं तेव्हापासूनचा साठा आहे. पाळक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तो तर आपल्याच मुलखातला विषय. पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यातला एकेक प्रसंग एका पानाला पुरतो. छापील, सर्वांना माहीत असलेल्या माणसांची साक्ष कोणाचं नुकसान करत नाही.

हक्कांचंही सोपं आहे. आपल्याकडे लेखक वारल्यावर साठ वर्षांनी लिखाण खुलं होतं. टिळक १९१९ ला गेले, रमाबाई १९२२ ला. म्हणजे टिळकांचे अभंग आणि रमाबाईंचं पवित्र शास्त्राचं भाषांतर निर्धास्त छापता येतं. सध्या मंडळीत वाचल्या जाणाऱ्या नव्या आवृत्त्यांचे हक्क मात्र प्रकाशक संस्थेकडे आहेत. पाच-आठ वचनं घेताना आवृत्तीचं नाव द्या आणि वर्षभर नियमित छापायचं असेल तर एक पत्र लिहून परवानगी मागून ठेवा. इंटरनेटवरचे ‘येशूचे फोटो’ उचलून लावू नका. त्यांनाही मालक असतो, आणि कागदावर ते काळे ठिपके होऊन येतात.

कागदपत्र_सल्ला

वाटपाबद्दल राहिलं. कॉलेजच्या किंवा सरकारी वसतिगृहाच्या फळ्यावर प्राचार्यांच्या वा गृहपालांच्या परवानगीशिवाय लावू नका, गेटवर उभं राहून वाटू नका. आपल्या मुलांच्या हातात द्या. संविधानाचं कलम २५ धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन. आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात न्यायालयाने म्हटलंय की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही.

म्हणून एकाच पानावर वचन आणि ‘शिष्यवृत्ती, फी, नोट्स, प्रवेशासाठी मदत मिळेल’ ही सूचना कधीही एकत्र नको. मदत करायची तर जरूर करा, पण वेगळी, सगळ्यांसाठी, हिशेबासह. एकत्र छापलंत की कोणीही ते आमिष म्हणून दाखवेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. दुसऱ्याच्या देवदेवतांशी, सणांशी तुलना करणारं एक वाक्यसुद्धा नको. रूममेट ते पान वाचणारच आहे. कायद्यापेक्षाही तेच कारण मोठं आहे, पण धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ माहीत असलेलं बरं.

टाइपसेटर_नांदेड

तांत्रिक बाजू. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, मुक्ता किंवा नोटो फॉन्ट पुरे. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं व्हॉट्सॲपवर चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो, मग लोक त्याचा फोटो काढून पाठवतात आणि तो कोणाला वाचता येत नाही. छापील पानासाठी पीडीएफ, फोनसाठी साधा मजकूर, दोन्ही वेगळे करा. फोनवर लांब मजकूर ‘अधिक वाचा’खाली दडतो, म्हणून पहिल्या दोन ओळींत ‘प्रिय विद्यार्थी मित्रांनो, प्रभूच्या नावात सलाम’ घालवू नका. तिथे प्रसंगच यायला हवा. वरच्या नमुन्यातलं पहिलं वाक्य फोनवर नीट चालेल.

ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो आणि मुलींना नको ते मेसेज सुरू होतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. ‘मिळालं नाही’ अशी तक्रार आली की आधी तेच तपासा. उत्तर फक्त तुम्हालाच दिसतं, हा मोठा फायदा.

कागद पांढराच घ्या. पिवळ्या-गुलाबी कागदावर झेरॉक्स केलेली वेलांटी आणि अनुस्वार उडतात.

युवासेवक_लातूर

शेवटचं विचारतो. आठवड्याचा क्रम कसा लावावा? आणि उपयोग होतोय की नाही हे कशावरून ओळखायचं?

गोदाकाठचा_पाळक

सोमवारी पाठ आणि ती न छापायची ओळ. मंगळवारी कच्चं लिखाण. बुधवारी ते एखाद्या विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, तुम्ही वाचू नका. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. ते वाक्य तोडायचं, समजावून सांगायचं नाही. गुरुवारी लिंगाची आणि नाव-गावाची तपासणी, रेक्टर आणि कागदपत्रवाले म्हणाले तशी. शुक्रवारी झेरॉक्स. शनिवारी संध्याकाळी हातात, म्हणजे रविवारच्या टेस्टच्या गडबडीतही रात्री भेटायचा निरोप पोचलेला असतो. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, बहुतेक वेळा बारावीच्या परीक्षेतच येतो. त्या चाळीस दिवसांसाठी रोजचं काही काढायच्या फंदात पडू नका, तेच आठवड्याचं एक पान, पण निम्म्या लांबीचं.

उपयोगाचं म्हणाल तर व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकमार्क मोजू नका, अंगठे तर नाहीच. एक वही ठेवा. दर पानाखाली जो प्रश्न विचारला, त्यावर आलेले उलटे प्रश्न त्यात टिपा, नावं न लिहिता. महिनाभर एकही प्रश्न आला नाही तर तुमचे प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येणारे असतील, ते बदलून बघा. आणि आलेल्या प्रश्नांतूनच पुढच्या सत्राचे विषय काढा.

बालाघाटी

वही कुलुपात ठेवा म्हणावं. चर्चच्या टेबलावर ठेवली की संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला पाठ.